पट्टे आणि वळ

देवाचें नांव घेऊन जी कला रसिकांपुढें येते तिच्या वांट्यास दोन प्रकारचा अन्याय येतो. कांहीं लोक तिचें बाह्य रूप पाहूनच तिला पाखंडी ठरवितात, आणि कांहीं लोक तिच्या मुखांतील देवाचें नांव ऐकूनच तिला परीक्षा माफ करितात. पहिल्या पक्षाचा अन्याय डोळ्यांवर येतो, म्हणून त्याचा निषेध करणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्या पक्षाचा अन्याय कौतुकाच्या वेषानें वावरत असल्यामुळें तो अन्याय आहे हेंच सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या मतें हा दुसरा अन्यायच अधिक घातक होय. हें मत सिद्ध करण्यासाठीं आम्ही मुद्दाम असें एक उदाहरण घेणार आहों, कीं जें आमच्या बहुतेक वाचकांच्या अभिरुचीपासून दूरचें आहे. दूरच्या उदाहरणाचा फायदा असा कीं, त्याचा न्याय करतांना आपली श्रद्धा किंवा आपला अभिमान आड येत नाहीं.

तें उदाहरण म्हणजे 'स्ट्रायपर' या अमेरिकन ख्रिस्ती हेवी मेटल बँडची 'टु हेल विथ द डेव्हिल' ही ध्वनिमुद्रिका. सैतानास नरकाची वाट दाखविणारें हें शीर्षक घेऊन ती २४ ऑक्टोबर १९८६ रोजीं 'एनिग्मा' या कंपनीनें प्रसिद्ध केली. मायकेल व रॉबर्ट स्वीट हे दोघे बंधु, ऑझ फॉक्स आणि टिम गेन्स या चौघांचा हा बँड कॅलिफोर्नियांतील ऑरेंज परगण्यांत १९८३ च्या सुमारास उभा राहिला. १९८४ व १९८५ मध्यें त्याच्या दोन मुद्रिका निघाल्या होत्या, ही तिसरी. अंगांत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा पोशाख, वाद्यांवरही तेच पट्टे, आणि कार्यक्रम रंगांत आला कीं श्रोत्यांमध्यें नव्या कराराच्या प्रती फेंकणें, असा या मंडळींचा थाट होता. मुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिच्यांतील 'ऑनेस्टली' हें गीत 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या लोकप्रिय गीतांच्या यादींत २३ व्या क्रमांकापर्यंत चढलें. आणि ग्रॅमी पुरस्कारासाठीं तिचें नांव सुचविलें गेलें. उघडपणें ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्या मेटल बँडला एवढें यश तत्पूर्वीं कधींच मिळालें नव्हतें.

यशाबरोबर वाद आला. हेवी मेटल म्हणजे विजेच्या गिटारचा जाणूनबुजून फाटका व जड केलेला स्वर, त्यामागें ढोलांचा मारा, आणि त्या सर्वांवर चढणारा गायकाचा तार आवाज. १९७० मध्यें इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडनें ज्याचा पाया घातला असें मानतात तें हें संगीत सैतान, मृत्यु व अंधार यांच्या प्रतिमांनीं प्रथमपासूनच वेढलेलें होतें. तेव्हां अशा संगीतांत ख्रिस्ताचें नांव घालणें म्हणजे गटारांतून गंगा आणण्यासारखें आहे, असा गिल्ला कांहीं धर्मोपदेशकांनीं केला. त्यांतील अग्रणी म्हणजे लुइझियानाचे जिमी स्वॅगर्ट. दूरचित्रवाणीवर लक्षावधि लोक ज्यांचीं प्रवचनें ऐकत अशा या गृहस्थांनीं १९८७ मध्यें धार्मिक रॉक संगीताविरुद्ध एक सबंध पुस्तक प्रसिद्ध केलें. मौज अशी कीं, स्वीट कुटुंब ज्या प्रवचनांनीं ख्रिस्तभक्तीकडे वळलें तीं याच गृहस्थांचीं होतीं! पुढें १९८८ मध्यें स्वॅगर्ट यांस आपल्याच व्यासपीठावरून साश्रु नयनांनीं पापाची कबुली द्यावी लागली. परंतु त्या प्रसंगाचा उपयोग आम्ही येथें करणार नाहीं. वक्त्याच्या वर्तनावरून त्याच्या विधानाचें खरेंखोटेपण ठरत नसतें. विधानच तपासलें पाहिजे.

स्वरांस जात असते, आणि कांहीं स्वर जन्मतःच पतित असतात, हें तें विधान होय. इतिहास याविरुद्ध साक्ष देतो. हॅंडेलचें 'मेसाया' आज ख्रिस्ती जगांत पवित्रांत पवित्र मानलें जातें. तें १७४२ मध्यें डब्लिन येथें प्रथम सादर झालें व पुढल्या वर्षीं लंडनच्या एका नाटकगृहांत झालें. त्या वेळीं, धर्मवचनें नाटकगृहांत नटनट्यांच्या तोंडीं घालणें शोभतें काय, असा आक्षेप तेथील वृत्तपत्रांत निघाला होता. शिवाय त्यांतील ख्रिस्तजन्माच्या उल्हासाचें सुप्रसिद्ध समूहगीत हॅंडेलनें आपल्याच एका इटालियन शृंगारिक द्वंद्वगीताच्या चालीवरून बेतलें आहे. शृंगाराची चाल ख्रिस्तजन्मास चालते आणि गिटार मात्र चालत नाहीं, यास तर्क म्हणावें काय? खुद्द ब्लॅक सॅबथ या बँडनेंही १९७१ मध्यें 'आफ्टर फॉरेव्हर' या गीतांत देवाची बाजू उघड उघड मांडली होती. अर्थात् या संगीताचा उगम केवळ सैतानाच्या उपासनेंत आहे हें म्हणणेंही टिकत नाहीं.

आम्हां मराठी लोकांस तर हा प्रश्न नवा नाहीं. इंग्लंडहून गोव्यास आलेले फादर स्टीफन्स यांनीं ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठीं लॅटिन छंद न घेतां आमची ओवी घेतली, आणि त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें रायतूर येथें छापून निघालें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं तीन शतकांनंतर अभंग, भजन आणि कीर्तन यांच्या द्वारां ख्रिस्त मराठी माणसाच्या ओसरीवर आणून बसविला. ओवी जर ख्रिस्तास चालली तर विजेची गिटार कां चालूं नये? जो समाज ज्या स्वरांत बोलतो त्याच स्वरांत त्याच्याशीं देवाबद्दल बोलावें लागतें. ऑरेंज परगण्यांतील तरुणांची भाषा १९८६ मध्यें गिटारची होती. तात्पर्य, पहिल्या पक्षाचा आक्षेप आम्हांस अजिबात मान्य नाहीं.

याच्या उलट टोंकास संगीताचे रसिक म्हणविणारे लोक उभे आहेत. ते म्हणतात कीं, हें बंडखोरांचें संगीत. त्यांत प्रवचन आलें कीं तें नासलें. आमच्याकडे प्रा. फडके आणि श्री. खांडेकर यांच्या निमित्तानें कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला हा जो वाद गाजला त्याचीच ही परदेशी आवृत्ति समजावी. पण या रसिकांच्या निःपक्षपातीपणाबद्दल आम्हांस शंका आहे. 'व्हेनम' या बँडनें १९८२ मध्यें 'ब्लॅक मेटल' काढली, 'मोट्ली क्रू' या बँडनें १९८३ मध्यें 'शाउट ॲट द डेव्हिल' काढली. चामड्याचे पोशाख, उलटीं चिन्हें, सैतानाचा जयघोष, हाही एक ठरीव संप्रदायच होता आणि त्याचाही प्रचार चालला होता. तेव्हां या रसिकांस प्रचाराचा वास आला नाहीं. सैतानाचा प्रचार म्हणजे कला आणि देवाचा प्रचार म्हणजे प्रवचन, असा भेद कलेच्या कोणत्या शास्त्रांत सांगितला आहे? कलावंत काय मानतो हा प्रश्न नाहीं. जें मानतो तें त्यानें भोगलें आहे कीं नाहीं, आणि भोगलेलें आमच्या कानांपर्यंत पोंचविलें आहे कीं नाहीं, हा प्रश्न आहे.

हाच प्रश्न आतां या मुद्रिकेस आम्ही विचारूं. प्रथम तिचे गुण सांगणें प्राप्त आहे, आणि ते थोडे नाहींत. 'ॲबिस' या शब्दहीन नांदीनंतर शीर्षकगीत सुरू होतें तेव्हां हे लोक आपल्या कलेंत तयार आहेत याविषयीं संशय उरत नाहीं. मायकेल स्वीट यांचा आवाज फार उंच जातो, आणि उंचावर गेल्यावरही पातळ होत नाहीं. त्यांची व ऑझ फॉक्स यांची, अशा दोन गिटारी एकच धून दोन पट्ट्यांत जोडीनें वाजवितात तो भाग ऐकण्यासारखा आहे. ध्रुवपदें अनेक आवाजांच्या मेळांत गायिलेलीं असून शब्द स्वच्छ ऐकूं येतात. या प्रकारच्या संगीतांत ही गोष्ट विरळाच. 'ऑनेस्टली' हें संथ गीत पियानोच्या साथीनें उलगडतें. त्यांत देवाचें नांव नाहीं. संकटांत हांक मार, मी येईन, एवढा विश्वास कोणीतरी कोणास तरी देत आहे. तो देव असेल, मित्र असेल वा प्रियकर असेल. सर्व अकरा रचनांत आमच्या मतें हीच सर्वांत टिकाऊ, आणि ती तशी कां, याचें उत्तर पुढील विवेचनांत आपोआप मिळेल.

'स्ट्रायपर' हें नांव या मंडळींनीं यशया या हिब्रू संदेष्ट्याच्या ग्रंथांतील ५३ व्या अध्यायाच्या ५ व्या वचनाशीं जोडलें आहे. त्या वचनाचा आंकडा त्यांच्या बोधचिन्हाखालीं ठळकपणें छापलेला असतो. तेथें वर्णन आहे तें दुसऱ्यांच्या अपराधांसाठीं मुकाट्यानें मार खाणाऱ्या एका सेवकाचें. जुन्या इंग्रजी भाषांतरांत त्या ठिकाणीं जो 'स्ट्राइप्स' शब्द आहे त्याचा अर्थ चाबकानें पाठीवर उठलेले वळ असा आहे. त्याच इंग्रजी शब्दाचा बाजारांतील अर्थ कापडावरचे पट्टे! स्ट्रायपरनें या श्लेषावर आपला सारा वेष उभारला. आमचा संपूर्ण आक्षेप या एका गोष्टींत सांठविलेला आहे. पाठीवरचे वळ होते त्यांचे कापडावरचे पट्टे झाले. वेदना होती तिचा गणवेष झाला.

हा केवळ पोशाखावरचा शाब्दिक विनोद नव्हे. मुद्रिकेचें मूळ मुखपृष्ठ पाहा. चार बळकट, पंखधारी तरुण सैतानास खालीं अग्नींत लोटीत आहेत. या चित्राबद्दल वाद झाला आणि तें मागें घेऊन त्याच्या जागीं केवळ बँडचें चिन्ह असलेलें काळें मुखपृष्ठ छापण्यांत आलें. चित्र भडक होतें म्हणून आम्ही त्यास नांवें ठेवीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्यांत लढाई संपलेली आहे. सैतान बाहेर आहे, खालीं आहे, दुसरा कोणी आहे. देवदूतांच्या अंगावर ओरखडासुद्धां नाहीं. शीर्षकगीताची तीच तऱ्हा. 'द वे', 'रॉकिन्' द वर्ल्ड', 'मोअर दॅन अ मॅन' या गीतांतही निर्णय आधींच झालेला असतो आणि गाणें म्हणजे त्या निर्णयाचा जल्लोष असतो. इंग्रजी काव्य वाचणाऱ्यांस येथें मिल्टनची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. 'पॅरडाइज लॉस्ट' या १६६७ च्या महाकाव्यांत त्या कट्टर प्युरिटन कवीनें सैतानास एवढें तेज, एवढें वक्तृत्व आणि एवढें दुःख दिलें कीं त्याच्या पराभवास अर्थ आला. मिल्टनची श्रद्धा दुबळी होती म्हणून त्यानें हें केलें नाहीं. सैतानास स्वस्त केलें तर देवही स्वस्त होतो, हें तो जाणून होता.

हॅंडेलकडे पुन्हां वळूं, कारण योगायोग मोठा बोलका आहे. यशयाचें तेंच वचन 'मेसाया'च्या दुसऱ्या भागांत आहे. हॅंडेलनें त्यास मंद, गंभीर, शोकाकुल स्वरावलि दिली असून आवाजांचा एकेक गट तेच शब्द उचलून जणूं एकेका वळावरून बोट फिरवीत जातो. आणि ज्यासाठीं लोक उभे राहतात तो 'हालेलुया'चा जयघोष याच भागाच्या अखेरीस येतो. म्हणजे प्रथम वळ, नंतर जय. कोणी म्हणेल कीं, आनंद ही सुद्धां श्रद्धेचीच एक अवस्था आहे, तिला दुःखाची सक्ति कां? आम्ही सक्ति करीत नाहीं. पण ज्यांनीं आपल्या कपाळावर वळांचें वचन लिहून घेतलें त्यांस, वळ कोठें आहे, असें विचारण्याचा हक्क श्रोत्यास आहे.

दुसरा बचाव असा करण्यांत येतो कीं, हेवी मेटलच्या गोंगाटांत याहून खोल कांहीं होणें शक्य नाहीं. हा बचाव त्या संगीताचा अपमान आहे. शिकागोच्या परिसरांतील 'ट्रबल' या बँडची पहिली मुद्रिका १९८४ मध्यें, म्हणजे स्ट्रायपरच्या या मुद्रिकेच्या दोन वर्षें आधीं, निघाली. तीही बायबलांतील प्रतिमांनीं भरलेली आहे. पुढें ती नवव्या स्तोत्राच्या नांवानेंच ओळखली जाऊं लागली. तिची लय संथ व जड. तिच्यांतील माणूस भ्यालेला, निराश झालेला, तरी वर पाहणारा. ती स्ट्रायपरएवढी खपली नाहीं. पण एकच धर्म, एकच वाद्यें आणि एकच दशक असतांना वळ उमटवितां येतो, हें तिनें सिद्ध केलें.

तिसरा बचाव अधिक कसबी आहे: हें सर्व पोरासोरांसाठीं होतें, त्यांस मिल्टन व हॅंडेल काय कामाचे? यास उत्तर आमच्या पैठणच्या एकनाथांनीं चारशें वर्षांपूर्वीं देऊन ठेविलें आहे. नाथांनीं वासुदेव, जोशी, गोंधळी यांचीं सोंगें घेतलीं, बाजारांतील भाषा घेतली, हंशा व नाच घेतला. त्याहून लोकप्रिय साधन त्या काळीं नव्हतें. पण त्यांच्या विंचवाच्या भारुडांत विकारांचा दंश झालेला माणूस स्वतःच विव्हळत असतो. शेजाऱ्यास विंचू चावला आणि आपण चौघे मिळून विंचू ठेंचीत आहों, असें तें सोंग नाहीं. गांवची पोरें त्यास हंसतात आणि हंसतां हंसतां आपल्या पायाकडे पाहतात. सोपेपणा आणि उथळपणा या दोन वस्तु भिन्न आहेत हें समजण्यास आम्हां मराठी वाचकांस तरी परदेशीं जाण्याची गरज नसावी.

राहतां राहिला शेवटचा बचाव: या गीतांनीं अनेक तरुण ख्रिस्ताकडे वळले, मग कलेची चिकित्सा कशासाठीं? कोणाच्या अंतःकरणांत काय घडलें याचा हिशेब मागण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, आणि ज्यास या गीतांनीं आधार दिला त्याचा आधार आम्ही काढून घेऊं इच्छीत नाहीं. परंतु जी मुद्रिका दुकानांत विकली गेली, दूरचित्रवाणीवर लोकप्रियतेच्या स्पर्धेंत उतरली आणि पुरस्काराच्या यादींत बसली, तिनें कलेच्या दरबारांत मान घ्यावयाचा आणि परीक्षेची वेळ येतांच देवळाच्या गाभाऱ्यांत पळून जावयाचें, हें चालणार नाहीं. एक आसन पत्करलें पाहिजे.

पुढील इतिहास या संदर्भांत लक्षांत घेण्यासारखा आहे. १९९० मध्यें स्ट्रायपरनें 'अगेन्स्ट द लॉ' ही मुद्रिका काढली तेव्हां काळे-पिवळे पट्टे उतरले होते आणि ख्रिस्ताचें नांवही गीतांतून बव्हंशीं गेलें होतें. १९९२ मध्यें मायकेल स्वीट बँड सोडून गेले. त्या काळांत आपण मद्याच्या आहारीं जाऊन आपल्याच उपदेशाविरुद्ध वागत होतों, असें त्यांनींच पुढें जाहीरपणें सांगितलें आहे. यांत त्यांचा उपहास करावा असें कांहीं नाहीं. उलट ही प्रांजलता आदरास पात्र आहे. पण रसिक म्हणून आम्हांस हळहळ वाटते ती अशी कीं, १९८६ मध्यें वाजतगाजत नरकांत धाडलेला सैतान चार वर्षांच्या आंत घरीं परत आला, ही जी खरी कथा, ती त्या अकरा रचनांत कोठेंच नव्हती. तिची एखादी छाया जरी त्यांत पडली असती तरी ती मुद्रिका आज वेगळ्या पंक्तीस बसली असती. २००३ मध्यें बँड पुन्हां एकत्र आला, पट्टे पुन्हां चढले, आणि २०१८ मध्यें 'गॉड डॅम ईव्हिल' हें नवें शीर्षक आलें. घोषणा बदलली, घोषणेची संवय गेली नाहीं.

हें सर्व आम्ही एका परक्या देशांतील परक्या धर्माच्या गाण्यांविषयीं इतक्या विस्तारानें कां लिहावें? कारण जी माफी त्या गाण्यांस तेथें मिळाली तीच आम्ही आमच्या घरीं रोज वांटीत असतों. चित्रपटांतील उसन्या चालींवर विठोबाचें नांव चिकटविलेलीं गीतें आम्ही उत्सवांत ऐकतों आणि टीका करण्यास धजत नाहीं, कारण नांव विठोबाचें आहे. संतांवरील एखादें नाटक किंवा चित्रपट कितीही पोकळ असला तरी त्यास वाईट म्हणणारा मनुष्य नास्तिक ठरतो. मुलाच्या खोलींतून कर्कश गिटार ऐकूं आली कीं आम्ही दार लोटून घेतों, आणि तीच गिटार एखाद्या स्तोत्रामागें वाजूं लागली कीं तेंच दार कौतुकानें उघडतों. दोन्ही वेळां आम्ही ऐकलेलें मात्र कांहीं नसतें. ज्या महाराष्ट्रांत तुकोबांनीं देवाशीं भांडण केलें, स्वतःच्या मनास रोज पंचांपुढें उभें केलें, त्या महाराष्ट्रांत भक्तीच्या नांवाखालीं निर्जीव कलेस अभय मिळावें ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

म्हणून आमची विनंती इतकीच कीं, पुढच्या वेळीं अशी मुद्रिका, असें भजन किंवा असें नाटक समोर आलें म्हणजे वाद्य कोणतें आहे हें विचारूं नये, आणि देव कोणता आहे हेंही विचारूं नये. पट्ट्यांखालीं वळ आहे कीं नाहीं तेवढें पाहावें. असेल तर गिटारच्या गोंगाटांतही त्यास नमस्कार करावा. नसेल तर, तोंडीं देवाचें नांव असलें तरी, तसें स्पष्ट सांगावें. देवास अशा स्पष्टोक्तीचें भय असण्याचें कारण नाहीं. भय असलेंच तर तें त्याच्या नांवावर दुकान मांडणाऱ्यांस आहे.